चाकावरचे बिऱ्हाड आणि मुक्कामाची अट

२०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. झोपण्याची सोय, स्वयंपाकाचा ओटा आणि स्वच्छतागृह असलेली मोटार घेऊन कुटुंबाने घराबाहेर पडावे, जेथे हॉटेले नाहीत अशा रम्य ठिकाणी चार दिवस काढावेत आणि कंटाळा आला की पुढची वाट धरावी, अशी ही कल्पना. या गाड्या उभ्या करण्यासाठी पाणी, वीज आणि सांडपाण्याची व्यवस्था असलेले तळ उभारावेत, असेही धोरणात म्हटले होते. टाळेबंदीत कोंडून पडलेल्या शहरी मध्यमवर्गाला हे सारे रुचणे स्वाभाविक होते. त्याच वर्षी 'नोमॅडलँड' या अमेरिकी चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. चाकांवरच्या घराची हौस निराळी आणि चाकांवरच्या घराची लाचारी निराळी, हे त्या चित्रपटाने पाश्चात्त्य प्रेक्षकांना दाखविले.

महाराष्ट्राला हा फरक दाखवायला चित्रपटाची गरज नव्हती. चाकावर संसार मांडून पिढ्यान्‌पिढ्या फिरणारी माणसे या राज्यात आहेत. त्यांच्यासाठी वसाहतीची योजनाही आहे आणि ती कॅरॅव्हॅन धोरणापेक्षा दहा वर्षांनी जुनी आहे. मात्र ज्या शब्दांत ती योजना लिहिली गेली, त्या शब्दांतच एक गाठ बसली आहे. ती गाठ समजून घ्यायची तर मुंबई-पुण्यापासून दूर, नांदेड जिल्ह्यातील भोकरपर्यंत यावे लागते.

कल्याणहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग अहिल्यानगर, परभणी, नांदेड करीत भोकरला येतो आणि पुढे भैंशावरून तेलंगणातील निर्मलकडे जातो. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारा लोहमार्गही भोकरवरूनच जातो. दोन राज्यांच्या सीमेलगतचे हे तालुक्याचे गाव म्हणजे रस्त्यावर जगणाऱ्यांच्या वाटेतले हमखास ठिकाण. पावसाळा सरला की मराठवाड्यातील अशा गावांच्या कडेला, बाजाराच्या माळावर किंवा रेल्वेच्या हद्दीशेजारी पाले पडू लागतात. एखादी बैलगाडी, अलीकडे बहुधा जुनी तीनचाकी किंवा मालवाहू टेम्पो. त्यावर ताडपत्री, भांडी, कोंबड्यांचा खुराडा, गोधड्यांचे बोचके. आणि खाली उतरवलेली पहिली वस्तू म्हणजे ऐरण. हे घिसाड्याचे बिऱ्हाड. नवरा लालबुंद लोखंड सांडशीत धरतो आणि बायको घण घालते. पोर भाता फिरवते. ट्रकच्या जुन्या पाट्यांतून विळे, खुरपी, कुऱ्हाडी निघतात. चार दिवसांत गावाची गरज भागली की ऐरण पुन्हा गाडीत चढते.

या फिरण्याला दिशा नसते हा शहरी समज चुकीचा आहे. प्रत्येक कुटुंबाची, भावकीची फेरी ठरलेली असे. कोणत्या गावी कोणत्या महिन्यात जायचे, कोणत्या पाटलाच्या मळ्याशेजारी उतरायचे, हे वाडवडिलांपासून चालत आलेले. पेरणीपूर्वी फाळ आणि वखराची पास, सुगीपूर्वी विळे, अशी कामाचीही ऋतुमानाने वाटणी होती. गावगाड्याला या लोकांची गरज होती, पण वेशीच्या आत नको होती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'गाव-गाडा' या ग्रंथात फिरस्त्यांवर बरीच पाने खर्ची घातली आहेत. महसूल खात्यात नोकरी केलेल्या या विद्वान लेखकाला ते मुख्यतः कुणब्याच्या गळ्यातले लोढणे वाटले. त्या काळच्या सुशिक्षितांची नजर कशी होती, याचा तो लेखी पुरावाच म्हणावा लागेल.

फेरी मोडली ती लोखंडाच्या दुकानांनी आणि ट्रॅक्टरने. बैल कमी झाले, लाकडी नांगर संपला. फाळ तयार मिळू लागला आणि विळा बाजारात छापील किमतीला. पूर्वी वर्षभराचे पोट भरणारी फेरी आता दोन-तीन महिने कसेबसे चालवते. म्हणूनच आज भोकरच्या माळावर उतरलेले कुटुंब कामाबरोबरच थांबायला जागाही शोधत असते. पोराला शाळेत घालता येईल, म्हातारीला दवाखान्यात नेता येईल आणि सकाळी कोणी येऊन 'उठा' म्हणणार नाही, अशी जागा. या शोधात दहा-वीस वर्षे सहज जातात.

घिसाडी ही महाराष्ट्राच्या यादीत भटक्या जमातींच्या 'ब' गटात येते, आणि त्याच नोंदीत 'गाडी लोहार', 'चितोडी लोहार' ही नावेही आहेत. चितोड १५६८ मध्ये अकबराच्या हाती पडले, तेव्हा गड परत मिळेपर्यंत छपराखाली राहणार नाही अशी शपथ पूर्वजांनी घेतली, अशी उत्तरेतील गाडिया लोहारांची परंपरागत कथा आहे. ही शपथ सोडविण्यासाठी एप्रिल १९५५ मध्ये खुद्द पंतप्रधान जवाहरलाल नेहरू चितोडगडावर गेले. मोठा समारंभ झाला, गाडिया लोहारांना गडावर नेण्यात आले आणि पुनर्वसनाचे आश्वासन मिळाले. त्यानंतर सत्तर वर्षे उलटली तरी राजस्थानात आणि दिल्लीच्या रस्त्यांकडेला त्यांच्या गाड्या दिसतातच. शपथ सुटली म्हणून जमीन मिळते असे नाही, आणि जमीन मिळाली तरी तेथे काम असतेच असेही नाही.

भोकर परिसराची अडचण मात्र दंतकथेहून अधिक अलीकडची आणि अधिक कागदी आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद राज्यात होता. राज्य पुनर्रचना कायद्याने मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा नांदेड जिल्हा अखंड आला नाही. मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे आणि देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे आंध्र प्रदेशाकडे गेली. उलट आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट तालुका व इस्लापूर मंडळ इकडे आले. भाषेच्या हिशेबाने ही वाटणी केली गेली. पण ज्यांची फेरी भोकर, भैंसा, मुधोळ, किनवट अशी गोल होती, त्यांच्या पायाखालून एका रात्रीत सीमारेषा गेली. आजोबा ज्या चार गावांत फिरले ती आता दोन राज्यांत आहेत.

यात काय बिघडले, असे कोणी विचारील. बिघडले ते तारखेमुळे. महाराष्ट्रात विमुक्त जाती व भटक्या जमातींचा दाखला हवा असेल तर २१ नोव्हेंबर १९६१ या दिवशी आपले पूर्वज या राज्याचे रहिवासी होते, हे दाखवावे लागते. थाडे समितीच्या शिफारशींनंतर राज्याने १४ विमुक्त जाती आणि २८ भटक्या जमातींना मान्यता दिली, तेव्हाची ही तारीख आहे. शेतकऱ्याला हे दाखविणे सोपे. खासरापत्रक आहे, सातबारा आहे, पाटलाच्या दप्तरात नाव आहे. पण १९६१ च्या नोव्हेंबरात ज्याची गाडी भैंशाच्या बाजारात उभी होती, त्याचा नातू आज कोणत्या राज्याचा? आणि ती भैंशाला नव्हती, भोकरलाच होती, हे तरी सिद्ध कशाने करायचे? शाळेचा दाखला म्हणावा तर आजोबा शाळेत गेलेच नाहीत. जन्माची नोंद म्हणावी तर बाप वाटेत जन्मला.

सीमा ओलांडली की प्रवर्गही बदलतो, ही याच मुलखातली आणखी एक विचित्र गोष्ट. बंजारा समाज तेलंगणात लंबाडा म्हणून अनुसूचित जमातींत आहे. १९७६ च्या कायद्याने तेथे त्यांचा समावेश झाला. महाराष्ट्रात तोच समाज विमुक्त जाती 'अ' मध्ये मोडतो. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटच्या आधारे मराठा-कुणबी दाखल्यांचा शासन निर्णय निघाला, तेव्हा मराठवाड्यातील बंजारा समाजानेही त्याच गॅझेटचा हवाला देत मोर्चे काढले. त्या मागणीचे गुणदोष हा स्वतंत्र विषय आहे. येथे सांगायचे ते इतकेच की सीमेच्या दोन बाजूंना असलेल्या सख्ख्या नातेवाइकांचे हक्क वेगळे आहेत.

आता योजनेकडे. डिसेंबर २०११ मध्ये राज्य शासनाने 'यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना' आणली. कल्पना उदार होती. पालात राहणाऱ्या कुटुंबाला ५ गुंठे जागा द्यायची, त्यावर २६९ चौरस फुटांचे घर बांधून द्यायचे, उरलेल्या जागेत त्याने शेळ्या पाळाव्यात, भाता लावावा, काही उद्योग करावा. वीस-वीस कुटुंबांची वसाहत करून रस्ता, पाणी, दिवे द्यायचे. नुसत्या चार भिंती न देता अंगण देणारी अशी घरकुल योजना आपल्याकडे विरळाच.

पात्रतेच्या अटी वाचताना मात्र थबकायला होते. कुटुंब गावोगाव भटकंती करून उपजीविका करणारे असावे, ही एक अट. ते वर्षातून किमान ६ महिने एका ठिकाणी वास्तव्यास असावे, ही दुसरी. शिवाय ते राज्याचे अधिवासी असावे आणि भूमिहीन असावे. प्रत्येक अट स्वतंत्रपणे पाहिली तर तिच्यामागे काही कारण आहे. भटकंतीची अट नसती तर त्याच प्रवर्गातील स्थिरावलेले लोक लाभ घेऊन गेले असते. वास्तव्याची अट नसती तर एकच कुटुंब दोन तालुक्यांत अर्ज करील, अशी अधिकाऱ्यांना भीती. पण दोन्ही एकत्र ठेवल्या की अर्जदाराला सिद्ध करावे लागते ते असे: मी हिंडतो, म्हणून मला घर द्या, आणि मी हिंडत नाही, म्हणूनही द्या. जो खरोखर बारा महिने फिरतो तो दुसऱ्या अटीत बाद. जो सहा महिने गायरानावर पाल टाकून टिकून राहिला तो आधी अतिक्रमणाच्या नोटिशीला सामोरा जातो. त्यातून तरला तर अर्जाला पात्र ठरतो.

या सहा महिन्यांचा दाखला देणार कोण? ग्रामपंचायत. ज्या गावाच्या ग्रामसभेत या कुटुंबाला मत नाही, ज्या गावाच्या गायरानातूनच जागा जाणार आहे, त्या गावाने लिहून द्यायचे की हे लोक आमचे रहिवासी आहेत. एखादा सरपंच मोठ्या मनाचा निघतोही. पण मोठ्या मनावर विसंबून राहणाऱ्या योजनेला योजना म्हणायचे का, हा प्रश्न उरतो.

जमिनीचा मुद्दा याहून अवघड. योजनेच्या वीस कुटुंबांना प्रत्येकी ५ गुंठे म्हणजे १०० गुंठे, अडीच एकर जागा लागते. मराठवाड्यातील गावाला अडीच एकर ही काही फार मोठी जमीन नाही, पण ती बहुधा गायरानातूनच निघू शकते. आणि याच २०११ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातील जगपाल सिंग प्रकरणात गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले होते. त्या निकालानंतर महाराष्ट्रानेही गायरान वाटपाचे नियम आवळले. अकरा महिन्यांनी त्याच शासनाने भटक्यांच्या वसाहतीची घोषणा केली. म्हणजे एका हाताने दार लावले आणि दुसऱ्या हाताने त्याच दारावर पाटी ठोकली. न्यायालयाच्या निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी अपवादाची फट ठेवलेली आहे. भटका हा भूमिहीन आहेच. तथापि अनुसूचित जाती-जमातींचा उल्लेख तेथे नावाने आहे, विमुक्त-भटक्यांचा नाही. जे नाव कागदावर नाही, त्यासाठी सही करायला अधिकारी कचरतो.

याच्याही आधी, १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील शेतीची अतिक्रमणे दलित-आदिवासी आणि भूमिहीनांच्या नावे नियमित करण्याचा मार्ग मोकळा केला होता. मराठवाड्यात त्यासाठी मोठे लढे झाले, माणसांनी मार खाल्ला, पण काहींना जमीन मिळाली. भटक्यांना त्याचा फायदा फारसा झाला नाही, कारण 'उठा' म्हटल्यावर ते उठत गेले. जो हटला नाही त्याचे अतिक्रमण झाले आणि पुढे ते नियमितही झाले. जो निमूट निघून गेला त्याच्या नावे काहीच उरले नाही. केंद्राने नेमलेल्या बाळकृष्ण रेणके आयोगाने २००८ मध्ये अहवाल दिला. भटक्यांतील सुमारे ९८ टक्के लोक भूमिहीन असल्याचे त्यात नमूद होते. पुढे भिकू रामजी इदाते यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा आयोग बसला, तोही अहवाल आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने 'सीड' ही योजना पाच वर्षांसाठी २०० कोटी रुपयांच्या तरतुदीने सुरू केली. तिच्यात घरासाठीचे साहाय्य हा एक घटक आहे. पैशाची सोय अशी थोडीथोडी होत गेली. जमीन मात्र तालुक्यातच शोधावी लागते, तिची तरतूद दिल्लीत होऊ शकत नाही.

आणि भोकरपुरती आणखी एक मेख आहे. मुक्त वसाहत योजना ग्रामीण भागापुरती आहे. भोकरला नगरपरिषद आहे. घिसाड्याचे, बहुरूप्याचे, भंगार गोळा करणाऱ्याचे, केसांवर भांडी विकणारीचे आजचे काम बाजाराच्या गावाभोवती आहे. रोजची चार पैशांची आवक तेथेच होते. घर मात्र नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर, एखाद्या ग्रामपंचायतीच्या शिवारात घ्यायचे. तेथे घर मिळाले तर काम सुटते आणि काम धरले तर घर रिकामे पडते. मग रिकामे घर पाहून पाहणी अहवालात शेरा पडतो की लाभार्थी वास्तव्यास नाहीत.

या तिढ्यात महाराष्ट्र एकटा नाही. इंग्लंडमध्ये १९६८ च्या कायद्याने जिप्सींच्या गाड्यांसाठी तळ उपलब्ध करून देण्याचे बंधन स्थानिक संस्थांवर घातले होते. १९९४ मध्ये ते काढून टाकण्यात आले. पुढे २०१५ मध्ये नियोजनाच्या नियमांत अशी व्याख्या आली की म्हातारपणामुळे किंवा आजारामुळे ज्याने फिरणे कायमचे सोडले, तो जिप्सी गणला जाणार नाही. २०२२ मध्ये तेथील अपील न्यायालयाने ही व्याख्या भेदभावाची ठरविली आणि पुढच्या वर्षी ती बदलली. आपल्या 'भटकंती करून उपजीविका करणारे असावे' या अटीचे हे सख्खे भावंड म्हणायला हरकत नाही. फ्रान्सने २००० साली उलटा मार्ग घेतला. ५ हजारांहून अधिक वस्तीच्या गावांना फिरस्त्यांसाठी तळाची सोय करण्याच्या कामात सामील होणे बंधनकारक केले. अंमलबजावणीत तेथेही कुरबुरी आहेत, पण जबाबदारी कोणाची हे कायद्यात लिहिलेले आहे.

सर्वांत बोलके उदाहरण मात्र अमेरिकेचे. तेथे मोटारघरांतून बारमाही फिरणाऱ्यांपैकी अनेक जण कागदोपत्री साउथ डकोटा या राज्याचे रहिवासी असतात. वाहन परवाना काढण्यासाठी त्या राज्यातील एका रात्रीच्या मुक्कामाची पावती आणि टपाल स्वीकारणाऱ्या संस्थेचा पत्ता चालतो. या सोयीने मतदारही वाढू लागले, तेव्हा २०२३ मध्ये मतदार नोंदणीसाठी ३० दिवसांची अट घातली गेली आणि त्यावर वादही झाला. तरीही तिथे एक रात्र किंवा ३० दिवस; इथे सहा महिने. गाडी लाखो डॉलरची असो की भंगारातून सोडविलेली, फिरणाऱ्या माणसाला टपाल येण्यापुरता पत्ता लागतो ही गोष्ट त्या राज्याने व्यवहार म्हणून मान्य केली.

भारतातही काही हक्क चालायला शिकले आहेत. 'एक देश, एक शिधापत्रिका' ही व्यवस्था २०१९ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२२ पर्यंत सर्व राज्यांत पोहोचली. आता भोकरची शिधापत्रिका भैंशालाही चालू शकते. 'आधार'ची सुरुवात २९ सप्टेंबर २०१० रोजी याच महाराष्ट्रात, नंदुरबारमधील टेंभली या आदिवासी गावात झाली. धान्य माणसाच्या मागे जाऊ शकते, बोटांचे ठसे जाऊ शकतात. जातीचा दाखला आणि घरकुल मात्र अजून तलाठ्याच्या सज्जाबाहेर पडलेले नाहीत. राज्यघटनेच्या १९ व्या कलमात देशभर मुक्तपणे संचार करण्याचा आणि देशात कोठेही राहण्याचा व स्थायिक होण्याचा, असे दोन हक्क लागोपाठच्या उपखंडांत दिले आहेत. एक वापरला की दुसरा गमवावा लागेल, असे तेथे म्हटलेले नाही.

ज्यांना घर सापडले त्यांचा इतिहास येथे आठवायला हवा. भोकर, किनवट, हिमायतनगर या पट्ट्यात बंजाऱ्यांचे तांडे आहेत. हे लोक एके काळी शेकडो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून दख्खनभर फिरत. सैन्यांची रसद तेच पुरवीत. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आणि पक्के रस्ते आले, बैलांचा व्यापार बुडाला, आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची सावली अशा अनेक समाजांवर पडली. हा कायदा रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. तांडे डोंगरकुशीत स्थिरावले, मिळेल ती जमीन कसू लागले. याच समाजातील वसंतराव नाईक १९६३ पासून अकरा वर्षांहून अधिक काळ राज्याचे मुख्यमंत्री होते. तांड्याला नाव मिळाले, शाळा आली, कोठे स्वतंत्र ग्रामपंचायत झाली. आधी जमीन, मग पत्ता, मग मत, मग बाकीचे सारे, असा तो क्रम होता. लहान जमातींना तो क्रम मिळाला नाही. त्यांच्यात मतांची संख्या नाही आणि जी आहे ती दहा मतदारसंघांत विखुरलेली. भोकर मतदारसंघाने राज्याला बडे नेते दिले आहेत. परंतु माळावरच्या वीस पालांचे वजन कोणत्याही निवडणुकीत नगण्यच ठरते.

अर्थात तांड्याचेही सारे सुरळीत आहे असे नाही. कोरडवाहू तुकड्यावर भागत नाही म्हणून दसरा-दिवाळीनंतर मराठवाड्यातील अनेक तांडे आणि वस्त्या ओस पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी पोराबाळांसह साखर कारखान्यांच्या पट्ट्यात जातात, उसाच्या फडाशेजारी खोपी घालतात आणि चैत्राच्या सुमारास परततात. ज्यांना घर मिळाले तेही वर्षातील पाच-सहा महिने पुन्हा चाकावरच. त्यांच्या दाराला कुलूप असते एवढाच काय तो फरक. पण हा फरक लहान नाही. कुलूप लावायला दार असणे म्हणजे परत येण्याचे ठिकाण असणे.

ते ठिकाण नसणे किती महाग पडू शकते, हे १ जुलै २०१८ रोजी दिसले. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळविणारे समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ठेचून मारले. ते सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे होते, भिक्षुकीसाठी हिंडत होते. पूर्वी गावात उतरणारा भटका आधी पोलीस पाटलाकडे हजेरी लावी. ती पद्धत गुन्हेगार ठरविणाऱ्या कायद्याच्या काळातली, अपमानाची. तरी गावातल्या एका माणसाला या पाहुण्यांची नावे ठाऊक असत. आता अपमानाची नोंदही राहिली नाही आणि सन्मानाचीही झाली नाही. मोबाईलवरची एक अफवा मात्र गावात त्यांच्या आधी पोहोचते.

लातूर जिल्ह्यातील धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ला १९८८ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. त्याआधी लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'ला १९८१ चे. मराठी वाचकाने या पुस्तकांचे भरभरून कौतुक केले. त्या कौतुकाचा काही अंश महसूल खात्याच्या परिपत्रकांत उतरला असता तर आज चित्र थोडे वेगळे दिसले असते.

सहा महिन्यांच्या अटीऐवजी काय, हा प्रश्न प्रशासनाकडून हमखास विचारला जाईल. फेरी हाच पुरावा मानता येईल. ज्या गावांत एखादे कुटुंब वर्षानुवर्षे ठरावीक काळी येते, तेथील दोन-तीन पोलीस पाटलांचे वा शिक्षकांचे जबाब घेऊन गृहचौकशी करणे तहसीलदाराला अशक्य नाही. ही मागणी भटक्यांच्या संघटना कित्येक वर्षे करीत आहेत. योजनेतील 'ग्रामीण' हा शब्द सैल करून भोकरसारख्या लहान नगरपरिषदांच्या हद्दीतील शासकीय जागा खुल्या करता येतील. गायरानाच्या अपवादात विमुक्त-भटक्यांचे नाव स्पष्टपणे घालता येईल. यांपैकी एकाही गोष्टीला मोठा खर्च नाही. खर्च नाही म्हणूनच कदाचित तिच्याकडे कोणाचे लक्षही नाही.

घाई आहे ती जनगणनेमुळे. २०११ नंतरची ही पहिलीच गणना, आणि तिच्यात जातीची नोंदही व्हायची आहे. जून २०२५ च्या अधिसूचनेनुसार तिचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. बेघरांची मोजणी २०११ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरच्या रात्री झाली होती. फेब्रुवारीअखेर म्हणजे ऊस हंगामाचा आणि भटक्यांच्या फेरीचा ऐन भर. ज्यांची संख्या ठाऊक नसल्याचे कारण आजवर प्रत्येक आयोगाला आणि प्रत्येक मंत्रालयाला पुढे करता आले, त्यांना एका रात्रीत, अंधारात, रस्त्याकडेला शोधायचे आहे.

त्यांना दिवसा शोधण्याची जागा मात्र याच जिल्ह्यात आहे. लोहा तालुक्यातील माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार आणि भटक्या जमातींचा मेळावा अशी तिची जुनी ख्याती आहे. घिसाडी, वैदू, जोशी, गोसावी, मसणजोगी अशा कितीतरी जमातींच्या पंचायती तेथे बसत. सोयरिकी जुळत, तंटे मिटत आणि पुढच्या वर्षाची फेरी ठरे. गावाचा पत्ता नसला तरी या लोकांचा तिथीचा पत्ता पक्का आहे. यात्रेची व्यवस्था नांदेड जिल्हा परिषद पाहते. पशुप्रदर्शनाचा मंडप असतो, कृषी प्रदर्शनाचा असतो, लावणी महोत्सवाचाही असतो. त्यांच्या शेजारी तहसीलदाराचे एक टेबल आणि दाखल्यांचे कोरे अर्ज ठेवायला वेगळा मंडप घालावा लागणार नाही.